निवड योग्य होती, तरीही पाळीतील माणसांचे वागणे का बदलले?

प्रश्न: पाळीप्रमुख, वेर्णा

वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात मी पॅकिंग विभागाची एक पाळी सांभाळतो. काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे लाइन इन्चार्जची जागा रिकामी झाली. त्यासाठी सूचनाफलकावर काही लागले नाही, अर्ज मागवले गेले नाहीत, आम्हा पाळीप्रमुखांनाही कोणी विचारले नाही. एके दिवशी एचआरकडून (मनुष्यबळ विभागाकडून) पत्र आले आणि आमच्यातील एका सहकाऱ्याची नेमणूक झाल्याचे सर्वांना एकाच वेळी कळले.

नेमला गेलेला माणूस गुणी आहे. मला विचारले असते तर मीही त्याचेच नाव सुचवले असते. त्याच्याहून सेवेने ज्येष्ठ असलेले तिघे विभागात आहेत आणि त्यांनीही त्याच्या योग्यतेबद्दल कधी शंका घेतलेली नाही. त्या दिवशी सर्वांनी त्याचे अभिनंदन केले, पेढे वाटले गेले, कोणी तक्रार केली नाही. मात्र त्यानंतर पाळीचे वागणे हळूहळू बदलत गेले. पूर्वी पाळी सुपूर्द करताना नोंदवहीत ‘ब्लिस्टर मशीनवरचा फॉइल डावीकडे सरकतो आहे, तासाभराने एकदा पाहा’ अशा नोंदी असत. आता ‘मशीन चालू’ एवढेच असते. माल पाठवण्याच्या आदल्या दिवशी जादा वेळ थांबायला माणसे मिळत नाहीत. नव्या मुलांना हाताशी धरून शिकवणारे जुने हात आता आपापल्या जागी शांत बसलेले दिसतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) रजेचा तक्ता पूर्वी चहाच्या वेळी आपसांत ठरत असे. यंदा प्रत्येकाने लेखी अर्ज दिला आहे आणि त्याची प्रत एचआरला पाठवली आहे. नियम कोणी मोडलेला नाही, त्यामुळे वरिष्ठांना दाखवावे असे माझ्या हाती काही नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. निर्णयाचा परिणाम योग्य असूनही माणसे अशी का मागे सरली? आणि तो निर्णय बदलणे माझ्या अधिकारात नसताना मला काय करता येण्यासारखे आहे?

उत्तर: निवृत्त कार्मिक अधिकारी, फोंडा

आपण निर्णय एक मानत आहात, पण आपल्या माणसांसमोर दोन निर्णय आले. कोणाला नेमायचे हा एक, आणि ते कसे ठरवायचे हा दुसरा. पहिल्याविषयी त्यांचे काही म्हणणे नाही, हे आपणच लिहिले आहे. दुखले आहे ते दुसऱ्यामुळे.

या विषयाचा अभ्यास सुरू झाला तेव्हा बहुतेक विचार पहिल्या भागापुरताच होता. जे. स्टेसी ॲडम्स यांनी १९६३ मध्ये मांडले की माणूस आपले कष्ट व आपला मोबदला यांचे प्रमाण शेजारच्याच्या प्रमाणाशी ताडून पाहतो आणि तफावत आढळली की कष्ट कमी करून किंवा अन्य मार्गाने ती भरून काढतो. पगाराच्या बाबतीत हे बरेच काही समजावते, पण आपल्या विभागाला ते लागू पडत नाही, कारण तेथे कोणालाच ती बढती अपात्र माणसाला मिळाली असे वाटत नाही. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ मध्ये न्यायालयीन वादांच्या निमित्ताने दाखवले की, ज्याला आपली बाजू मांडायला मिळते तो विरुद्ध गेलेला निकालही अधिक सहजपणे मान्य करतो. कामाच्या ठिकाणच्या वाटपांना हा विचार लावताना जेराल्ड लेव्हेंथल यांनी १९८० मध्ये काही कसोट्या सांगितल्या: नियम सर्वांना व दर वेळी सारखा असावा, ठरवणाऱ्याचा स्वार्थ त्यात नसावा, माहिती अचूक असावी, चूक झाल्यास ती दुरुस्त करण्याची सोय असावी, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे विचारात घेतलेले असावे आणि एकूण रीत नीतीला धरून असावी.

आपल्याकडे यांतील माहितीच्या अचूकतेची कसोटी बहुधा पाळली गेली असेल. व्यवस्थापनाने त्या माणसाचे काम नीट पाहिले असेल, म्हणूनच निवड योग्य झाली. पण हे कळायला कोणाला वाव होता? बंद खोलीत झालेला योग्य निर्णय आणि बंद खोलीत झालेला वशिल्याचा निर्णय बाहेर उभ्या असलेल्या माणसाला अगदी सारखेच दिसतात. यंदा योग्य माणूस निवडला गेला हे त्याला मान्य आहे, परंतु पुढच्या वेळी आपला विचार कशाच्या आधारे होईल हे त्याला अजूनही ठाऊक नाही. रात्रपाळीला फॉइल सरकत असल्याची नोंद लिहिण्यात त्याने घातलेली पाच मिनिटे कोणाच्या हिशेबात धरली जातात का, याचे उत्तर त्याला मिळालेले नाही. म्हणून तो ती पाच मिनिटे स्वतःजवळ ठेवतो.

आपण वर्णन केलेल्या गोष्टी पुन्हा एकदा वाचून पाहा. सविस्तर नोंद, जादा वेळ थांबण्याची तयारी, नव्यांना शिकवणे, रजा आपसांत जुळवून घेणे, यांतील बहुतेक गोष्टी कोणाच्याही नेमणूकपत्रात लिहिलेल्या नसतात. डेनिस ऑर्गन यांनी १९८० च्या दशकात अशा स्वेच्छेच्या वागण्याचा स्वतंत्र विचार मांडला आणि त्यानंतरच्या संशोधनात त्याचा संबंध निर्णयप्रक्रियेतील न्यायाशी वारंवार आढळला आहे. माणूस लिहिलेले काम सोडत नाही, कारण त्यावर त्याचा पगार अवलंबून असतो. तो न लिहिलेले काम सोडतो. त्यामुळे हजेरीपट आणि उत्पादनाचे आकडे बराच काळ ठीकच दिसतात आणि व्यवस्थापनाला वाटते की काही बिघडलेले नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी एक जुना प्रयोग सांगतो. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील एका कंपनीच्या कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंत्राटे गेल्यामुळे दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली होती. एका ठिकाणी वरिष्ठांनी सविस्तर बैठक घेऊन, आकडे दाखवून, खेद व्यक्त करून कारण सांगितले. दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात कळवून विषय मिटवला. चोरीचे प्रमाण दोन्हीकडे वाढले, पण जेथे थोडक्यात उरकले होते तेथे ते बरेच अधिक वाढले आणि नोकरी सोडणारेही तेथेच जास्त निघाले. कपात दोन्हीकडे सारखीच होती. पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही पूर्वीच्या पातळीवर आली.

आपल्या विभागात चोरी होत नाही, पण मनातून काढून घेतलेले काम हीही मोजता न येणारी वजावटच आहे. स्पष्टीकरण देण्याची वेळ अजून गेलेली नाही. त्या तिघांना स्वतंत्रपणे बोलावून निवड कशावरून झाली आणि त्यांच्याकडून पुढे काय अपेक्षित आहे हे सांगण्याचा आग्रह आपण एचआरकडे धरू शकता. ॲलन लिंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्येच दाखवले की, निर्णय झाल्यानंतर म्हणणे ऐकून घेतले तरी काहीच न ऐकण्यापेक्षा ते लोकांना अधिक न्याय्य वाटते. आधी ऐकले तर अर्थातच त्याहून अधिक. चवथीचा तक्ता तर पूर्णपणे आपल्या हातात आहे. तेथून सुरुवात करावी.

उत्तर: सरकारी कर्मचारी, डिचोली

सरकारी सेवेतील दोन खटल्यांची येथे आठवण करून द्यावीशी वाटते, कारण हाच प्रश्न न्यायालयांपुढे अनेकदा गेला आहे.

१९६९ च्या क्रैपाक खटल्यात जम्मू-काश्मीरमधील वन सेवेच्या निवड मंडळावर बसलेला एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता. त्याचे नाव चर्चेला आले तेव्हा तो बैठकीत बसला नव्हता, तरीही इतरांची नावे ठरताना तो हजर होता एवढ्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. निवडलेले लोक अपात्र होते असे न्यायालयाने म्हटले नाही. ठरवण्याच्या पद्धतीतच पक्षपाताची रास्त शक्यता होती, एवढे त्याला पुरेसे वाटले. २००८ च्या देव दत्त खटल्यात सीमा रस्ते सेवेतील एका अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता आणि बढतीसाठी ‘खूप चांगला’ आवश्यक होता. तो शेरा त्याला कधी कळवलाच गेला नव्हता. न्यायालयाने सांगितले की वाईट शेराच नव्हे, तर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळला पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध म्हणणे मांडता येईल. त्यानंतर २००९ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना वार्षिक मूल्यमापनाचा संपूर्ण अहवाल दाखवला जातो आणि त्यावर निवेदन देण्यासाठी १५ दिवस मिळतात.

खाजगी कारखान्याला हे निर्णय जसेच्या तसे बंधनकारक नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, तीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, ही तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. आपल्या कारखान्यात ती समिती कागदावर आहे की प्रत्यक्षात बसते, हे एकदा पाहावे.

सरकारी सेवेविषयी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमच्याकडे फाइल बहुधा निर्दोष असते, तरी डावललेला माणूस वर्षानुवर्षे मिटून बसलेला मी पाहिला आहे, कारण त्याच्याशी समोर बसून कोणी बोलत नाही. शेरा पोर्टलवर दिसतो, पण त्यामागचे कारण सांगायला अधिकारी वेळ देत नाही.

उत्तर: लघुउद्योजक, कुंडई

वरील दोन्ही उत्तरे वाचली. माझ्या कारखान्यात पंचवीस-तीस माणसे आहेत आणि मला या चर्चेची दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते.

गोवा लहान आहे. प्रत्येक जण कोणाच्या तरी वाड्यावरचा, कोणाच्या तरी नात्यातला असतो. जागा रिकामी असल्याचे जाहीर केले की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात; पंच, माजी पंच, कधी त्याहूनही वरचे. एकाला होकार दिला की दुसरा दुखावतो, आणि नकार दिला की वीजजोडणीपासून पंचायतीच्या परवान्यापर्यंत कोठेतरी त्याची आठवण करून दिली जाते. अनेक व्यवस्थापक नेमणूक गुपचूप उरकतात ते मनमानीच्या आवडीने नव्हे, तर गुणी माणसाला या दबावातून वाचवण्यासाठी. पाळीप्रमुखांच्या कारखान्यातही कदाचित हेच घडले असेल.

शिवाय, अर्ज मागवले की नाकारले गेलेलेही सर्वांना माहीत होतात. ज्येष्ठ माणसाने अर्ज केला आणि धाकट्याला पद मिळाले, तर तो अपमान त्याला घरीही सहन करावा लागतो. आणि मत विचारून पुढे आपल्याच मनाप्रमाणे केले तर लोक अधिक चिडतात, हा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा न विचारणे अधिक सरळ, असे मला वाटत आले आहे.

उत्तर: हाउसकीपिंग पर्यवेक्षिका, कळंगुट

कुंडईच्या उद्योजकांचा शेवटचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो. ठरवून झाल्यावर विचारण्याचे नाटक केलेले आम्हालाही लगेच ओळखू येते. पण त्यावरून ‘विचारूच नये’ हा निष्कर्ष निघत नाही. न विचारल्याने काय हातून निसटते, हे आमच्या हॉटेलच्या उदाहरणावरून सांगते.

हॉटेलांना सर्वांत जास्त माणसे लागतात ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. आमच्याकडे वर्षानुवर्षे अशी रीत होती की, ख्रिश्चन सहकाऱ्यांना २४ तारखेची रात्र आणि २५ तारीख सुटी मिळावी म्हणून हिंदू सहकारी काम घेत, आणि चवथीला ते सहकारी आमच्या पाळ्या सांभाळत. नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनी ही अदलाबदल बंद करून सर्वांना सुट्या अगदी सारख्या वाटून दिल्या. संख्येने पाहिले तर ते वाटप पूर्वीपेक्षा अधिक समान होते. पण चवथीच्या दिवसाची सुटी मिळालेल्यांना खरी गरज होती ती आदल्या दिवसाची, कारण माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचे) सामान तेव्हाच आणायचे असते आणि मूळ घर पेडण्याला किंवा सत्तरीला असेल तर निघायचेही तेव्हाच असते. मध्यरात्रीच्या मिस्साचेही तसेच: २५ तारीख दिली आणि २४ च्या रात्री कामावर ठेवले. एकदा विचारले असते तर एकही जादा सुटी न देता हे जुळले असते. ऐकून घेण्याने फक्त मन राखले जाते असे नाही, निर्णयही सुधारतो.

त्यानंतर आमच्या मजल्यांवर जे झाले ते पाळीप्रमुखांनी लिहिलेल्यासारखेच होते. वेळ संपली की ट्रॉली जेथे असेल तेथे थांबू लागली. शेजारच्या मजल्यावर चादरी कमी पडल्या तर कोणी कळवीनासे झाले. एकदा धीर करून मी व्यवस्थापकांना त्या वाटपाचे कारण विचारले, तेव्हा ‘हॉटेल माझे आहे, पटत नसेल तर दरवाजा उघडा आहे’ असे उत्तर मिळाले, आणि खरे सांगायचे तर सुटीपेक्षा ते वाक्यच लोकांच्या अधिक लक्षात राहिले आहे. रॉबर्ट बीस आणि जोसेफ मोग यांनी १९८६ मध्ये वाटप आणि पद्धत यांच्या जोडीला वागणुकीतील न्याय वेगळा मांडला, तो याचसाठी असावा: निर्णय सांगताना माणसाला मान दिला की नाही, खरे कारण सांगितले की नाही.

फोनच्या दबावाबद्दल एवढेच म्हणते की, निकष आधी भिंतीवर लागले तर फोन करणाऱ्याला सांगायला काहीतरी हाताशी राहते. कामाची वर्षे किती, कोणत्या मशीनवर स्वतंत्रपणे काम येते, गेल्या वर्षीच्या नोंदी कशा आहेत, हे सर्वांना दिसत असेल तर व्यवस्थापकालाच आधार मिळतो. गुपचूप केलेल्या नेमणुकीमागेही कोणाचा तरी फोन असेल असेच लोक धरून चालतात, आणि मग गुणी माणसाच्या वाट्याला नाहक संशय येतो.

आता आमच्या जुन्या रीतीचा एक दोषही लिहिते, कारण तो झाकून ठेवणे बरे नाही. ती अदलाबदल चालत होती ती आम्हा कायम कर्मचाऱ्यांमध्ये. ओडिशा, झारखंडहून आलेल्या कंत्राटी मुलांना त्यात स्थान नव्हते. त्यांच्या सणाला सुटी हवी असेल तर बदल्यात काय द्यायचे, हे ठरवायला त्यांच्याशी कोणी बसलेच नव्हते. आम्ही ज्याला आपसांतला समजूतदारपणा म्हणत होतो, तो त्यांच्या दृष्टीने आणखी एक बंद खोलीच होती.

प्रतिसाद: पाळीप्रमुख, वेर्णा

सर्वांनी वेळ काढून लिहिले, याबद्दल मनापासून आभार.

कुंडईच्या उद्योजकांनी म्हटल्याप्रमाणे आमच्याकडेही बाहेरचा दबाव टाळण्यासाठी घाई झाली असणे शक्य आहे. पण तसे असेल तर तेच कारण त्या तिघांना सांगता आले असते, आणि मी त्यांना जितका ओळखतो त्यावरून ते त्यांनी समजून घेतले असते. नाकारले जाण्याचा अपमान त्यांना तसाही सोसावा लागलाच; अर्ज न करता सोसावा लागला एवढाच फरक. मी एचआरला लेखी कळवणार आहे की त्यांच्याशी वेगवेगळे बोलावे आणि पुढच्या जागेचे निकष जागा रिकामी होण्यापूर्वीच फलकावर लावावेत. नव्या लाइन इन्चार्जलाही मी हे आधी सांगितले आहे. त्याला हायसे वाटले, कारण आपली पात्रता कोणीतरी उघडपणे सांगावी ही त्याचीही इच्छा होती.

चवथीच्या तक्त्यासाठी प्रत्येकाकडून आदला दिवस, चवथ, पंचमी किंवा विसर्जनाचा दिवस यांतील पसंती क्रमाने घेत आहे. गेल्या वर्षी चवथीला काम केलेल्यांना प्रथम संधी हा नियम पसंती मागवण्यापूर्वीच लावला आहे आणि ज्याची पसंती मान्य होणार नाही त्याला तक्ता लागण्याच्या आधी मी स्वतः भेटून कारण सांगणार आहे. कळंगुटच्या ताईंनी कंत्राटी मुलांबद्दल लिहिले ते वाचून आमच्या मदतनीसांचा विचार मनात आला. त्यांची रजा कंत्राटदार मंजूर करतो. त्यांना या तक्त्यात घेणे मला शक्य आहे का?

उत्तर: निवृत्त कार्मिक अधिकारी, फोंडा

रजा कंत्राटदार देतो, पण कोणत्या पाळीला किती मदतनीस हवेत ही मागणी आपल्या विभागातून जाते. म्हणून त्यांची पसंतीही इतरांबरोबर एकाच कागदावर घ्या, तीच ‘गेल्या वर्षी काम केलेल्यास प्रथम संधी’ ही अट त्यांनाही लावा, आणि त्यानुसार बनवलेली मागणी एचआरमार्फत कंत्राटदाराकडे पुरेसे दिवस आधी पाठवा. त्यांच्यापैकी अनेकांचा सण छठ असेल, जो दिवाळीनंतर येतो. चवथीला काम केल्याच्या बदल्यात त्या दिवसांचे आश्वासन हवे असेल तर ते तोंडी ठेवू नका. तक्त्यावरच तारखेसह लिहा, कारण तोवर कंत्राट दुसऱ्याकडे गेलेले असू शकते.